संध्याकाळच्या अडीच तासांचे नियोजन: सोलापूरच्या पूर्व भागातील डिमेन्शियाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका विडी कामगार कुटुंबाचे आहे, आणि त्याच वस्तीत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या ज्येष्ठांसाठी काही व्यवस्था उभी करू पाहणाऱ्या एका स्थानिक गटाचेही आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र जशी होती तशी ठेवली आहेत.

कुटुंबात पाच माणसे. आजींचे वय ७२; चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी विड्या वळल्या. त्यांचे यजमान कापड गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले आणि काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा यंत्रमागावर टॉवेल विणतो आणि त्याची पाळी बारा तासांची असते. सून घरीच विड्या वळते. नात बारावीत, नातू शाळेत आणि विवाहित मुलगी भिवंडीला. घर दोन खोल्यांचे, आजींच्या नावावरचे. घरात तेलुगू बोलली जाते, बाजारात आणि दवाखान्यात मराठी.

विडीच्या कामाची रीत येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्याशी जोडलेले आहेत. पाने आणि तंबाखू कारखान्याच्या शाखेतून आणायचा, रात्री पाने भिजवून ठेवायची, सकाळी ती कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, बंडले बांधायची आणि तयार माल शाखेत नेऊन द्यायचा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि तपासणीत बाद झालेल्या विड्या मजुरीत धरल्या जात नाहीत. काम घरात असल्यामुळे बाहेरच्याला वाटते की ही बाई घरीच असते, म्हणजे तिला वेळ असतो. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक तास विड्यांच्या संख्येत मोजला जातो. सोलापुरात अशा हजारो स्त्रिया आहेत आणि त्यांपैकी अनेकींनी आता सत्तरी ओलांडली आहे.

समस्या कशी पुढे आली

आजींच्या आजाराची पहिली खूण शाखेत माल तपासणाऱ्याच्या लक्षात आली. त्यांच्या विड्या पूर्वी क्वचितच बाद होत. त्या आता रोज बाद होऊ लागल्या, कारण काहींत तंबाखू कमी, काहींत जास्त आणि काहींत मुळीच नसे. हात मात्र पूर्वीच्याच वेगाने चालत होते. डिमेन्शियाच्या सुरुवातीला नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण आधी जाते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीच्या हालचाली बराच काळ टिकतात, हे माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. घरच्यांनी मात्र वय झाले असे समजून त्यांचे काम बंद केले. त्यानंतर भिजवलेली पाने पुन्हा भिजवणे, जेवण झालेले असताना जेवायला मागणे, सुनेने तंबाखू चोरला असा आळ घेणे हे प्रकार वाढत गेले.

सर्वात कठीण वेळ संध्याकाळची होती. पाचच्या सुमारास आजी अस्वस्थ होत, सूप उचलत आणि माल द्यायला निघत. ज्या शाखेकडे त्या निघत ती बंद होऊन कित्येक वर्षे झाली होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या गर्दीत त्या हरवल्या. रात्री उशिरा एका मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. तेलंगणातील माहेरच्या गावाचे नाव त्यांनी बिनचूक सांगितले, पण सोलापुरातील घराचा पत्ता त्यांना सांगता येईना.

त्या दिवसानंतर घराला बाहेरून कडी लागू लागली. सून माल द्यायला जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करी, आजींना आत ठेवी आणि कडी घालून धावत जाऊन धावत येई. शेजाऱ्यांना हे ठाऊक होते आणि कोणी तिला दोषही देत नव्हते. तिच्या विड्या हजाराच्या घरातून जवळजवळ निम्म्यावर आल्या; राहिलेल्या ती रात्री सगळे झोपल्यावर वळी. माल द्यायच्या दिवशी नात महाविद्यालय चुकवून घरी थांबू लागली. या कुटुंबाला आजाराची किंमत कळली ती अशी, आणि वस्तीतील नियोजनात नेमकी हीच किंमत सुरुवातीला कोठे धरलेली नव्हती.

निदान

आशा सेविका कुटुंबांची जी तपासणी-सूची भरतात तिच्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? या घरी सुनेने त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले होते. पुढे तिने कारण सांगितले की नातीच्या लग्नाचे बोलणे निघणार होते आणि घरात वेडाची बाधा आहे असे कोणाच्या कानावर जायला नको होते. आशाताईंनाही आग्रह धरण्याचे कारण नव्हते, कारण ‘हो’ असे उत्तर आले असते तर पुढे कोणाकडे पाठवायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पुढची वाट आखलेली नसेल तर प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही तो लवकर संपवू पाहतात.

जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी आजी दिवसाही गुंगीत राहू लागल्या आणि एकदा मोरीत पडल्या. रथोत्सवाच्या घटनेनंतर आशाताई स्वतः सोबत गेल्या आणि आजींना एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवले. तेथील पहिली चाचणी मराठीत झाली. तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितले, आकृती काढायला दिली. आजी शाळेत गेलेल्या नाहीत आणि घाबरल्या की त्या फक्त तेलुगूच बोलतात. गुण इतके कमी आले की आजार फार पुढे गेला आहे, आता फक्त सांभाळा, असा सल्ला मिळाला.

हा सल्ला तसाच स्वीकारायचा की पुन्हा तपासणी मागायची, हा या प्रकरणातील पहिला निर्णायक टप्पा होता. गटातील निवृत्त परिचारिकेने पुन्हा तपासणीचा आग्रह धरला. दुसऱ्या वेळी तेलुगू बोलणारी व्यक्ती सोबत होती आणि निरक्षर ज्येष्ठांसाठी हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासात तयार झालेल्या चाचणीच्या धर्तीवर प्रश्न विचारले गेले: आता सकाळ आहे की दुपार, आपण कोठे बसलो आहोत, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या. त्याबरोबरच पूर्वी आजी कोणती कामे करत आणि त्यातली आता कोणती करू शकत नाहीत, हे सुनेला सविस्तर विचारले. आजार मध्यम टप्प्यात असल्याचे यातून दिसले. रक्तदाब अनियंत्रित होता, ब१२ जीवनसत्त्व कमी होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूतील लहान रक्तवाहिन्या बंद झाल्याच्या खुणा होत्या. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांशी निगडित असा मिश्र डिमेन्शिया, असे निदान झाले. झोपेच्या गोळ्या हळूहळू थांबवल्या, डोनेपेझिल हे डिमेन्शियावरील औषध कमी मात्रेत सुरू केले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरवली. चिडचिडीसाठी मनोविकारविरोधी औषध देण्याची मागणी मुलाने केली होती. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांमुळे पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे समजावून डॉक्टरांनी ती मान्य केली नाही.

नियोजनाची चौकट

याच काळात वस्तीत एक गट तयार होत होता. त्यात ज्येष्ठ नागरिक संघाचे काही सदस्य, नागरी आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आशा सेविका, विडी कामगारांत काम करणाऱ्या एक कार्यकर्त्या आणि ती निवृत्त परिचारिका होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे, आणि स्त्रिया, ग्रामीण भागातील लोक व कमी शिकलेले लोक यांच्यात त्याचे प्रमाण जास्त आहे. वस्तीत त्यांपैकी किती, हे सांगणारी नोंदवही मात्र नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये डिमेन्शियासाठी जो जागतिक कृती आराखडा स्वीकारला त्याच्या सात कार्यक्षेत्रांपैकी एक पूर्णपणे काळजीवाहकांसाठी आहे. हा मुद्दा गटाच्या पहिल्या टिपणात होता, पण शेवटच्या पानावर.

उपलब्ध योजनांची यादी केली तेव्हा ती बरीच लांब निघाली. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, सत्तरीनंतरच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते, १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आहे आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मात्र आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, रोजच्या देखभालीला नाही. महापालिका दिव्यांगांसाठी स्वनिधीतून जी ५ टक्के रक्कम राखून ठेवते तिचा विचार झाला. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांच्या यादीत डिमेन्शियाचे नाव नाही, त्यामुळे कोणत्या लेखाशीर्षाखाली पैसा मागायचा हा प्रश्न उभा राहिला. त्यातच मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होते, म्हणजे नगरसेवकाला गाठून त्याच्या निधीतून काही करून घेण्याची शहरातील नेहमीची वाटही बंद होती.

विचारात घेतलेले पर्याय

गटासमोर सर्वात आकर्षक पर्याय दिवसभराच्या केंद्राचा होता. एक यंत्रमाग उद्योजक समाजमंदिराचे दालन दुरुस्त करून द्यायला, खुर्च्या, पंखे आणि टीव्ही घ्यायला तयार होते. सकाळी दहा ते चार केंद्र चालवायचे, असे ठरत आले होते. त्या वेळी कार्यकर्तीबाईंनी एकच विनंती केली की हा आराखडा आपण या घरी लावून पाहू. आजींना केंद्रापर्यंत नेणार कोण, रिक्षाचे भाडे कोण देणार, सून माल द्यायला निघते ती वेळ आणि केंद्र उघडण्याची वेळ जुळते का, पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे महिन्यांत, तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते तेव्हा, ज्येष्ठांना बसवायचे का, आणि शौचालय उकिडवे बसण्याचे असेल तर मोरीत पडून गेलेल्या बाईला तेथे कोण बसवणार, असे प्रश्न एकामागून एक निघाले. सर्वात अडचणीचा प्रश्न वेगळाच होता: केंद्र चारला बंद होणार आणि आजी पाचला घराबाहेर पडू पाहतात. दालनाला देणगीदाराचे नाव देता येते, संध्याकाळच्या अडीच तासांना देता येत नाही. देणगीदाराच्या बाजूने पाहिले तर त्याचा आग्रह अगदीच गैर म्हणता येत नाही, पण त्यावर नियोजन बेतणे धोक्याचे होते.

दुसरा पर्याय आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञांना बोलावून स्मृती-तपासणी घेण्याचा होता. तो स्वस्त होता आणि शक्यही होता. त्यावर आक्षेप इतकाच की निदान होऊन माणसे परत त्याच कडीबंद खोलीत जातील. वृद्धाश्रमाचा पर्याय मुलाने स्वतः चौकशी करून आणला होता. घर सोडून जाऊ पाहणाऱ्या व्यक्तीला घ्यायला विचारलेल्या ठिकाणांनी नकार दिला. शिवाय तेलुगू बोलणारे कोणी तेथे नव्हते.

चौथा पर्याय गोव्यातील अनुभवावर आधारलेला होता. तेथे स्थानिक, बिगरतज्ज्ञ व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्या गृहभेटींतून कुटुंबांना मदत केली गेली होती, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत काळजीवाहकांचा मानसिक ताण कमी झाल्याचे दिसले होते. बचत गटातील स्त्रियांना असे प्रशिक्षण द्यावे, त्यांना तासांवर मानधन द्यावे आणि त्यांनी ठरलेल्या वेळी घरी येऊन आजींसोबत थांबावे, अशी ही कल्पना. खर्च दालनापेक्षा कमी, पण दर महिन्याला होणारा. आणि दर महिन्याचा खर्च कोणालाच आवडत नाही.

गटाने महिन्याची तपासणी आणि घरपोच मदत हे दोन पर्याय एकत्र घेतले. दालनाचा निर्णय फेटाळला नाही, पुढे ढकलला. देणगीदार नाराज झाले, तरी त्यांनी पहिल्या सहा महिन्यांच्या मानधनाचा निम्मा वाटा उचलला. उरलेला ज्येष्ठ नागरिक संघाने वर्गणीतून जमवला.

कृती

बचत गटातील दोघी तयार झाल्या, त्यांपैकी एक तेलुगू भाषिक. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मानसतज्ज्ञांनी त्यांना शिकवले: वाद घालायचा नाही, चूक दाखवायची नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आंघोळीला नकार दिला तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे, अचानक बदल दिसला तर त्याच दिवशी कळवायचे. मदतीची वेळ सकाळी अकरा ते एक ठेवली, कारण त्या वेळी मानसतज्ज्ञांना देखरेख करता येत होती.

काही आठवडे गेल्यावर सून संकोचत म्हणाली, “अक्का येतात तेव्हा अत्तम्मा (सासूबाई) झोपलेल्याच असतात.” त्यावर आशाताई तिच्याशेजारी बसल्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यांनी वहीत उतरवून घेतला: पाने कापण्याची वेळ, माल देण्याची वेळ, स्वयंपाक, आजींची आंघोळ, औषधे, पुढच्या वर्गात असलेल्या नातीची परीक्षेची तयारी, आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची वेळ. अंथरूण ओले होऊ लागले होते, त्यामुळे ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी धुणे साठे आणि आजींवर आवाज चढे. योजनाकारांनी ठरवलेली वेळ आणि मदतीची खरी गरज यांत एकही तास सारखा नव्हता. वेळा बदलून माल देण्याच्या दिवशी सकाळचे दोन तास आणि रोज संध्याकाळी पाच ते साडेसात अशा केल्या. संध्याकाळ ही मदतनीस स्त्रियांच्याही स्वयंपाकाची वेळ असते. म्हणून त्या वेळेचे मानधन वाढवावे लागले आणि दोघींनी आळीपाळीने यायचे ठरले. शेजारच्या दोन घरांशी बोलून पाणी येण्याच्या दिवशी या घराला एक जादा पिंप भरून द्यायचे ठरले. कोणत्याही आराखड्यात पिंपाचा उल्लेख नसतो, पण या घरात त्याचा उपयोग काही औषधांपेक्षा जास्त झाला.

संध्याकाळी करायचे काय, यावर गटात मतभेद झाला. आजींचे हात विड्या वळायला अधीर असत. त्यांना पाने द्यावीत असे सुनेचे म्हणणे. आयुष्यभर तंबाखूत राबलेल्या बाईला पुन्हा त्याच कामाला लावणे बरे नव्हे, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे. शेवटी बाद झालेली पाने आणि तंबाखूऐवजी वाळवलेला चहाचा चोथा यावर एकमत झाले. आजी तासभर शांत बसून वळत. त्यानंतर मदतनीस त्यांच्यासोबत माल द्यायला निघे, मारुतीच्या देवळापर्यंत जाई आणि त्यांना परत घेऊन येई. अडवण्यापेक्षा सोबत चालणे हा उपाय शिकवलेल्या यादीत नव्हता; तो तेलुगू भाषिक मदतनीस बाईंनी स्वतः शोधला आणि नंतर दुसऱ्या घरांतही वापरला गेला.

हरवण्याच्या भीतीसाठी साडीच्या निऱ्यांत शिवलेली ओळखपट्टी केली, तिच्यावर नाव न घालता फक्त दोन दूरध्वनी क्रमांक लिहिले. रिक्षा थांबा, पानटपरी आणि पोलीस चौकी एवढ्या तीनच ठिकाणी आजींची माहिती दिली. अधिक जणांना सांगावे असे गटातील काहींना वाटत होते, पण नातीच्या लग्नाची काळजी कुटुंबाने उघड बोलून दाखवली आणि ती मानली गेली.

कायद्याचे आणि पैशांचे प्रश्न उशिरा हाती घेतले गेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमता येतो. आजींनी सुनेचे नाव सांगितले, मुलाचे नाही, आणि मुलानेही त्याला हरकत घेतली नाही. मात्र अशा प्रतिनिधीला उपचारांबाबत अधिकार असतात, मालमत्तेबाबत नसतात. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देताना बोटांचे ठसे उमटेनात, कारण अनेक वर्षे पाने हाताळून ते झिजले होते. चेहरा ओळखण्याच्या पद्धतीने तो दिला गेला. घराच्या बाबतीत एका मध्यस्थाने बक्षीसपत्रावर आजींचा अंगठा घेऊन टाकण्याचा सल्ला मुलाला दिला होता. गटातील निवृत्त लिपिकांनी त्याला थांबवले. समज नसताना घेतलेला अंगठा भिवंडीच्या बहिणीने न्यायालयात नेला तर टिकणार नाही, आणि मुखत्यारपत्रही देणाऱ्याची मानसिक क्षमता संपल्यावर चालत नाही, हे त्यांनी समजावले. बहिणीला बोलावून तिच्यासमोर आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मृत्युपत्र करण्याचा प्रयत्न झाला. त्या दिवशी आजींना प्रश्न समजत नव्हते, म्हणून वकिलांनी ते करण्यास नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो.

परिणाम

तीन महिन्यांत बाहेरून कडी लावणे थांबले. सुनेच्या विड्या पूर्वीच्या संख्येच्या जवळ आल्या आणि रात्रीचे काम कमी झाले. नात नियमित महाविद्यालयात जाऊ लागली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळी सावल्यांना घाबरणे कमी झाले. आजींची स्मृती सुधारली नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवली नव्हती.

एका संध्याकाळी आजी कोणाला ओळखेनात, बडबडू लागल्या आणि त्यांना नीट उभे राहता येईना. आजार वाढला असे घरच्यांना वाटले. मदतनीस बाईंनी मात्र एका दिवसात इतका फरक पडत नाही म्हणून त्याच रात्री रुग्णालयात न्यायला लावले. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला आणि उपचारांनी आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. रोज येणारा, त्याच वेळी येणारा माणूस घरात असण्याचा हा लाभ कोणत्याही मासिक तपासणीतून मिळाला नसता.

अपयशही नोंदवायला हवे. दोघींपैकी एक मदतनीस शिलाई कारखान्यात जास्त पगाराचे काम मिळाल्यावर निघून गेली आणि शाळांच्या सुट्टीत संध्याकाळची व्यवस्था जवळजवळ कोलमडली. तशी मदत हवी असलेली आणखी घरे पुढे आली, पण त्यांतील थोड्यांपर्यंतच गटाला पोहोचता आले. महिन्याच्या तपासणीला येणाऱ्यांत पुरुष रुग्ण जास्त होते. घरातल्या वृद्ध स्त्रीला तपासणीला आणण्यासाठी कोणाला तरी मजुरी बुडवावी लागते, हे त्यामागचे उघड कारण.

वेगळे काय करता आले असते

पहिली भेट झाली त्याच दिवशी सुनेच्या दिवसाची वही भरली असती तर सकाळी अकराच्या मदतीवर गेलेले आठवडे आणि मानधन वाचले असते. रुग्णाची स्थिती तपासणारे नमुने तयार असतात आणि काळजीवाहकाचा ताण मोजण्याच्या प्रश्नावल्याही आहेत. पण कोणत्या तासाला कोण घरात आहे आणि त्या तासाला किती मजुरी बुडते, हे विचारणारा रकाना कोणाकडेच नव्हता. विडी, यंत्रमाग आणि शिलाईवर जगणाऱ्या शहरात तो रकाना सर्वात वर हवा.

तपासणीची भाषा ही सोय म्हणून गणली गेली, तीही दुसऱ्या फेरीत. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला कन्नड आणि काही वस्त्यांत दखनी-उर्दू बोलणारे ज्येष्ठ येणार हे आधीच ठाऊक असते. ज्या बाईला वजाबाकी कधी शिकवलीच नाही तिला त्यावरून नापास करणे हे चुकीच्या निदानाचे कारण ठरते, आणि चुकीच्या टप्प्याचे निदान झाले की घरच्यांचा प्रयत्नच थांबतो.

मालमत्तेचे आणि बँकेचे प्रश्न निदान झाल्याच्या महिन्यातच घ्यायला हवे होते. तेव्हा आजींचे चांगले दिवस अधिक होते आणि मृत्युपत्र बहुधा होऊ शकले असते. वैद्यकीय टीमला हा विषय आपला वाटत नाही आणि कुटुंबाला तो काढणे अशुभ वाटते, म्हणून तो काढण्याची जबाबदारी आधीच कोणावर तरी सोपवलेली असावी लागते.

सर्वात कमी चर्चा मुलाच्या वाट्याची झाली. गटाच्या सगळ्या बैठकांत काळजीवाहक म्हणजे सून हे गृहीत धरले गेले, आणि तिच्या वेळेची सोय लावणे म्हणजे नियोजन असे ठरले. यंत्रमाग मालकाला पाळीबद्दल विचारावे, असे कोणी सुचवलेसुद्धा नाही. मदतनीस निघून गेल्यावर नाइलाजाने कार्यकर्तीबाईंनी विचारले, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस मुलाला दुसऱ्या कामगाराशी पाळी बदलून लवकर निघायला परवानगी मिळाली. हे पहिल्याच महिन्यात मागता आले असते. आजींना आंघोळ घालणे मुलाला जमणार नाही असे सासरच्या नातेवाइकांचे म्हणणे होते. संध्याकाळी देवळापर्यंत चालणे मात्र त्याला पहिल्याच दिवशी जमले.

दालनाचा प्रश्न अजून बाजूला ठेवलेला आहे. मध्यम टप्प्यातील आणि चालू शकणाऱ्या रुग्णांसाठी दिवसाचे केंद्र उपयोगी ठरू शकते, आणि वस्तीत अशी माणसे पुरेशी निघाली तर ते दुपारी दोन ते साडेसात चालवावे, असे माझे मत आहे. गटातील काहींना संध्याकाळी कर्मचारी मिळणार नाहीत अशी शंका आहे आणि ती खोटी नाही.

पुढील अंदाजपत्रकासाठी गटाने महापालिकेला दिलेल्या प्रस्तावात घरपोच मदतीचे मानधन महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून मागितले आहे, कारण मजुरी बुडते ती काम करणाऱ्या स्त्रीची, आणि दिव्यांगांच्या निधीपेक्षा ही बाजू मांडणे सोपे जाते. प्रस्तावासोबत रुग्णसंख्येऐवजी पहिल्या घरांच्या दिवसाच्या वह्या जोडल्या आहेत. त्यावर निर्णय व्हायचा आहे. तोवर मानधन वर्गणीतूनच दिले जाते आणि नवी मदतनीस सध्या जुन्या अक्कांबरोबर फिरून काम शिकत आहे.